धाकट्या बहिणीच्या अंगावरचे ठिपके आणि 'अमायलॉइड' हा शब्द : कुणाला अनुभव आहे का?

शेवंती (रविवार, रात्री ११.४०)

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच, कारण घरात कुणालाच धड झोप नाही.

आम्ही लालबागला राहतो. माझी धाकटी बहीण २४ वर्षांची आहे. ती सहा-सात वर्षांची असताना आंघोळ घालता घालता आईला तिच्या पोटऱ्यांवर बारीक काळपट ठिपके दिसले. मग ते मांड्या, पाठ, दंड असे पसरत गेले आणि त्यांच्या अधेमधे तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके ठिपके उमटले. आता चेहरा, तळहात आणि तळपाय सोडले तर जवळजवळ सगळं अंग तसंच आहे. हात फिरवला तर हाताला काहीच लागत नाही, कातडी गुळगुळीत. खाज नाही म्हटलं तरी चालेल. मे महिन्याच्या घामातही ती पूर्ण बाह्यांचा कुडता घालून फोर्टला ऑफिसला जाते. एकदा लोकलमध्ये दांडीला धरलेल्या हाताची बाही खाली सरकली, तर शेजारच्या बाईंनी आपलं मूल दुसऱ्या बाजूला घेतलं. घरी येऊन ती काही बोलली नाही, जेवली मात्र नाही.

आत्तापर्यंत काय काय झालं ते सांगते. आधी शिबं म्हणून मलम झालं. मग कोड म्हणून पथ्य झालं. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) कुष्ठरोगाची शंका काढली, ते पंधरा दिवस आईने कसे काढले ते आईलाच ठाऊक. तीन वर्षांपूर्वी पाठीचा तुकडा काढून तपासला. रिपोर्टमध्ये 'रंगद्रव्य वाढलेले, विशिष्ट निदान नाही' एवढंच. तेव्हाच्या डॉक्टरांनी नुसतं बघून 'डीयूएच' (सर्वांगावर काळे-पांढरे ठिपके येणारा एक आनुवंशिक आजार) असं लिहून दिलं, जन्मजात आहे, उपाय नाही म्हणाले. आम्हीही विषय सोडून दिला.

दोन आठवड्यांपूर्वी नव्या डॉक्टरांनी सगळी फाइल पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, हे त्वचेत अमायलॉइड साचल्यामुळेही असू शकेल. कागदावर लिहिलंय 'अमायलॉइडोसिस क्युटिस डिस्क्रोमिका' आणि पुढे प्रश्नचिन्ह. रात्री मी तो शब्द शोधला तर हृदय, किडनी, किती वर्षं जगतात, असलंच सगळं समोर आलं. बाबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

कुणाला काही माहीत असेल तर सांगा. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं तेही कळत नाहीये.

मोगरा६२ (सोमवार, सकाळी ७.०५)

शेवंती, आधी तो फोन बाजूला ठेव बाई. अमायलॉइड मलाही आहे, आणि मी बासष्ट वर्षांची ठणठणीत आहे.

माझं पाठीवर आहे, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. लाट ओसरल्यावर वाळूवर रेघा राहतात ना, तसा करडा-तपकिरी पट्टा. आणि खाज अशी की दाराच्या चौकटीला पाठ घासावी. मला वाटायचं मळ आहे. वीसेक वर्षं नायलॉनची जाळी घेऊन रोज घासलं, आणि जितकं घासलं तितकं ते काळं होत गेलं. शेवटी दादरच्या एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की हे 'मॅक्युलर अमायलॉइडोसिस', आणि पहिलं औषध म्हणजे ती जाळी कचऱ्यात टाका. टाकली. खाज पुष्कळ कमी झाली, रंग थोडा उतरला, पूर्ण गेला नाही. हृदय-किडनीचं काही निघालं नाही.

पण तुझ्या बहिणीचं मला वेगळं वाटतंय. लहानपणापासून, सगळ्या अंगावर, काळे-पांढरे दोन्ही, आणि खाज नाही. जाणकार कुणी लिहील तर बरं.

परळकर_डॉक (सोमवार, दुपारी ३.२०)

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. न पाहता निदान करणार नाही, पण तुमच्या नव्या डॉक्टरांनी प्रश्नचिन्हासकट जे लिहिलंय ते विचारपूर्वक लिहिलंय, एवढं नक्की.

आधी त्या शब्दाची भीती घालवू. अमायलॉइड हा एक रोग नाही. प्रथिनाची घडी बिघडून त्याचे न विरघळणारे तंतू साचतात, त्या साठ्याला अमायलॉइड म्हणतात. जर्मन डॉक्टर फिरखो यांनी १८५४ मध्ये हे नाव दिलं, कारण आयोडीन टाकल्यावर त्याला स्टार्चसारखा रंग आला. नाव स्टार्चवरून पडलं, वस्तू मात्र प्रथिन आहे. आता हे प्रथिन कुठलं, त्यावर सगळं ठरतं. हृदय-किडनीत साचणाऱ्या एका प्रकारात ते अस्थिमज्जेतल्या पेशींनी बनवलेलं आणि रक्तातून आलेलं असतं. त्वचेपुरत्या प्रकारात ते त्वचेच्याच वरच्या थरातल्या मेलेल्या पेशींच्या केराटिनपासून (कातडी-केसांतल्या प्रथिनापासून) बनतं, लगेच खालच्या थरात गोळा होतं आणि तिथेच राहतं. मोगरा काकूंचा पट्टा आणि तुमच्या बहिणीबद्दलची शंका, दोन्ही या दुसऱ्या घरातली.

क्युटिस डिस्क्रोमिका हा त्यातला दुर्मिळ प्रकार. जपानच्या मोरिशिमा यांनी १९७० मध्ये तो वेगळा ओळखला. त्यांच्या खुणा अशा: जवळजवळ सर्वांगावर जाळीदार काळेपणा आणि त्यात फिकट ठिपके (पुरळासारखा उंचवटा नाही), खाज नाही किंवा अगदी थोडी, सुरुवात वयात येण्याआधी, आणि तुकड्यात त्वचेच्या वरच्या थराच्या लगेच खाली जागोजागी अमायलॉइड. पहिल्या तीन गोष्टी तुम्ही न विचारता लिहिल्या आहेत. चौथी सिद्ध व्हायची आहे.

तुम्हाला काही विचारतो. उन्हात गेल्यावर ती लहानपणी भाजल्यासारखी लाल व्हायची का, डोळ्यांना उजेड सहन व्हायचा का? (झिरोडर्मा नावाचा एक गंभीर आजार असाच ठिपक्यांनी सुरू होतो आणि त्यात त्वचेचे कर्करोग लवकर होतात. तो आधी बाजूला काढावा लागतो.) ठिपक्यांवर स्पर्श नीट कळतो का? कुटुंब कधी बंगाल-बिहारकडे राहिलं आहे का? तिकडे विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या आर्सेनिकमुळे काळ्या कातडीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे ठिपके येतात, आणि काळाआजारानंतरही (वाळूमाशीच्या चाव्याने होणाऱ्या तापानंतरही) फिकट डाग येतात. आणि शेवटचं, आई-वडिलांचं लग्नाआधीचं नातं आहे का, भावंडांत आणखी कुणाला असं आहे का?

शेवंती (सोमवार, रात्री १०.१५)

डॉक्टर, तुमचे खूप आभार. दोनदा वाचून दाखवलं घरात.

उन्हाचा त्रास असा कधी झाला नाही, डोळे चांगले आहेत. स्पर्श आम्ही आज कापसाचा बोळा घेऊन डोळे मिटून करून पाहिला, प्रत्येक ठिकाणी तिला कळला. मूळचे आम्ही सावंतवाडीकडचे, बंगाल-बिहार कधीच नाही.

आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे हे चालतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

आणि भावंडांचं. तुमचा प्रश्न वाचून मी 'नाही' असंच लिहिणार होते. मोठा दादा शेजारी बसला होता. तो म्हणाला, थांब. मग त्याने गॅलरीच्या ट्यूबखाली जाऊन बनियन काढलं. कमरेपासून खांद्यापर्यंत तेच. तिच्याइतकं गडद नाही, पण तेच काळे-पांढरे ठिपके. तो ३१ वर्षांचा आहे. गणपतीत पाटावर बसताना सगळे उघड्या अंगाने बसतात, हा नेहमी उपरणं गुंडाळून. आम्ही त्याला लाजाळू समजत होतो. आई नुसती बघत राहिली.

समीर_ठाणे (मंगळवार, सकाळी ८.५०)

शेवंती ताई, तुम्ही इंटरनेटवर जे वाचलं तो आजार माझ्या वडिलांना होता. फरक कळावा म्हणून लिहितो.

बाबांच्या अंगावर ठिपके कधी नव्हते. त्यांना दम लागायचा, पाय सुजायचे, लघवीला फेस यायचा. जीभ जाड होऊन कडेला दातांचे ठसे उमटायचे. डोळा नुसता चोळला तरी पापणीभोवती जांभळं व्हायचं, कारण तिथे अमायलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसतं आणि त्या ठिसूळ होतात. निदानाला वर्ष गेलं आणि तोवर हृदय थकलं होतं.

तुमच्या बहिणीला अठरा वर्षं ठिपके आहेत आणि ती रोज लोकलने ऑफिस गाठते. हे वेगळं आहे. तरी मनाच्या समाधानासाठी लघवीतलं प्रथिन, रक्तातल्या प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिनं वेगवेगळी करून पाहण्याची तपासणी) आणि ईसीजी करून घ्यायला हरकत नाही, डॉक्टरांशी बोलून. बाबांच्या वेळी या साध्या तपासण्या कुणी लवकर सुचवल्या असत्या तर, असं मला अजून वाटतं.

सूक्ष्मदर्शी (मंगळवार, रात्री ९.३०)

पालिकेच्या एका रुग्णालयात ऊतकतपासणीच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं नोकरी केली. तंत्रज्ञ होतो, डॉक्टर नाही. ज्यावर माझा हक्क आहे तेवढंच बोलतो.

ताई, रिपोर्ट म्हणजे कागद. तुमच्या बहिणीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात आहे, आणि तो ठोकळा प्रयोगशाळा बरीच वर्षं जपून ठेवते. तीन वर्षं म्हणजे काहीच नाही. ब्लॉक मागा. सोबत जुन्या काचाही (स्लाइड) मागा.

का, ते सांगतो. तुकडा आला की आम्ही तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढतो आणि नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग देतो, त्याला हिमॅटॉक्झिलिन-इओसिन म्हणतात. त्या रंगात त्वचेतलं अमायलॉइड फिक्या गुलाबी गोळ्यांसारखं दिसतं, आणि आजूबाजूचं सगळंच गुलाबी असतं. गोळे पुष्कळ असतील तर दिसतात. दोन-चारच असतील तर रोज शंभर काचा बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटतात. त्यासाठी काँगो रेड नावाचा रंग लावावा लागतो, आणि तो प्रत्येक तुकड्याला लावत नाहीत. कुणीतरी सांगावं लागतं. मागणीच्या फॉर्मवर 'क्लिनिकल माहिती' असा रकाना असतो. तिथे 'लहानपणापासून सर्वांगावर काळे-पांढरे ठिपके, अमायलॉइड आहे का पाहावे' एवढी एक ओळ असली तर आम्ही वेगळे काप काढायचो. मी हजारो फॉर्म पाहिले. बहुतेकांवर 'त्वचेचे डाग' असतं, किंवा काहीच नसतं. याची मला नोकरीभर चुटपुट लागलेली आहे. आत काय शोधायचं हेच कळवलं नाही तर शोधणार कसं?

तुमच्या जुन्या फॉर्मची प्रत असेल तर बघा काय लिहिलंय.

शेवंती (बुधवार, दुपारी १.१०)

काका, फाइलमध्ये प्रत आहे. 'पिग्मेंटेशन, पाठ.' बस.

मोगरा६२ (बुधवार, दुपारी १.३५)

वाचून हात थरथरला गं. अठरा वर्षांच्या त्रासाला दोन शब्द.

शेवंती (पुढचा मंगळवार, रात्री १०.५०)

ब्लॉक मिळाला! तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा काउंटरवर 'रिपोर्ट दिलाय ना, आता काय पाहिजे' असं ऐकावं लागलं, दुसऱ्यांदा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा बहिणीच्या सहीचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि नव्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा वीस मिनिटांत दिला. तळहातावर मावणारी प्लॅस्टिकची जाळीदार डबी, त्यात पांढरं मेण, आणि मेणात मुगाच्या डाळीएवढा करडा ठिपका. बेस्टच्या बसमध्ये ती डबी पर्समध्ये न ठेवता हातात धरून आणली.

डॉक्टरांनी आजच नवे दोन तुकडेही घेतले, एक काळ्या ठिपक्याचा आणि एक पांढऱ्या ठिपक्याचा. दोन्ही हवेत म्हणाल्या. भुलीची सुई टोचली तेवढंच दुखलं, मग पेन्सिलीच्या मागच्या टोकासारखं गोल पातं फिरवलं, एकेक टाका घातला. जुना ब्लॉक आणि दोन नवे तुकडे, तिन्हींसाठी एकच सविस्तर फॉर्म, अर्धं पान भरून. दादाचाही तुकडा घ्यायचा आहे, पण त्याला आधी नीट समजावू दे म्हणाल्या.

काका, काँगो रेडबद्दल आणखी काही सांगाल का? प्रयोगशाळेत विचारावं असं काही?

सूक्ष्मदर्शी (बुधवार, सकाळी ६.४५)

शाबास ताई. विचारा नक्की.

एक म्हणजे कापाची जाडी. काँगो रेडला नेहमीपेक्षा जाड काप लागतो, आठ ते दहा मायक्रॉनचा. पातळ कापात रंग इतका फिका येतो की आहे की नाही कळत नाही. दुसरं, सोबत 'कंट्रोल' लावलाय का. म्हणजे ज्यात अमायलॉइड आहे हे आधीच माहीत आहे अशा ऊतकाचा काप त्याच द्रावणात, त्याच वेळी. तो रंगला नाही तर रंग बिघडलाय, तुमचा तुकडा नव्हे.

मग खरी गंमत. काँगो रेडने अमायलॉइड विटकरी-लाल दिसतं, पण लाल दिसलं म्हणजे झालं असं नाही, कोलॅजनही कधीकधी लाली धरतं. सूक्ष्मदर्शकाला दोन पोलरायझर असतात, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचा. एक फिरवत नेला की सगळं क्षेत्र काळोखं होत जातं, घरातले दिवे गेल्यासारखं. त्या काळोखात अमायलॉइड असेल तिथे हिरवे कण पेटतात. सफरचंदी हिरवा म्हणतात त्याला. कोलॅजन उजळलंच तर पांढरट दिसतं. १९२० च्या दशकात ही दोन्ही पावलं सापडली, आधी रंग आणि पाठोपाठ हा हिरवा उजेड, आणि आजही निदान त्यावरच उभं आहे.

त्वचेतलं केराटिनचं अमायलॉइड मात्र काँगो रेड जरा कंजूषपणे धरतं. म्हणून नकारार्थी आलं तरी खचू नका. क्रिस्टल व्हायोलेट, थायोफ्लेविन टी हे दुसरे रंग, किंवा सायटोकेराटिनची प्रतिपिंड-तपासणी करता येते. केराटिनची खूण सापडली तर हे अमायलॉइड त्वचेचंच हेही त्यातून कळतं.

शेवंती (पुढच्या आठवड्यात, शुक्रवार, रात्री ८.२०)

रिपोर्ट आला. जसा आहे तसा सांगते.

काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही ठिपक्यांत वरच्या थराच्या लगेच खाली अमायलॉइडचे छोटे गोळे. काँगो रेडला लाल, पोलरायझरखाली हिरवे. सायटोकेराटिन सकारात्मक. रक्तवाहिन्यांच्या भिंती मोकळ्या. आणि जुन्या ब्लॉकच्या जाड कापातही तेच. म्हणजे तीन वर्षांपूर्वीही ते तिथे होतं.

लघवी, इलेक्ट्रोफोरेसिस, ईसीजी, सगळं नॉर्मल. बाबांना फोन केला तर ते कामावर होते, दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, येताना आईस्क्रीम आणतो.

परळकर_डॉक (शुक्रवार, रात्री ९.५५)

हा रिपोर्ट एखाद्या पाठ्यपुस्तकात लावावा असा आहे. दोन्ही रंगांच्या ठिपक्यांत अमायलॉइड सापडणं हे महत्त्वाचं, कारण डीयूएच दिसायला अगदी असंच असतं, फक्त त्यात अमायलॉइड नसतं. डोळ्यांनी या दोहोंत फरक करणं अवघड आहे, त्यामुळे आधीच्या डॉक्टरांचा अंदाज चुकीच्या दिशेचा नव्हता. तपास तिथे थांबला, हे चुकलं.

आता पुढचं, आणि खरं तेच सांगतो. ठिपके पूर्ण घालवणारं औषध नाही. स्टेरॉइडची मलमं, कातडी सोलणारी मलमं यांनी फारसा फरक पडत नाही, त्यावर पैसे घालवू नका. अ‍ॅसिट्रेटिन या गोळीने काही रुग्णांत रंग उजळल्याची नोंद आहे. पण तुमच्या बहिणीच्या वयात ती विचार करून घ्यायची. गर्भावर तिचा गंभीर परिणाम होतो आणि बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. यकृत आणि चरबीच्या तपासण्या अधूनमधून कराव्या लागतात. हे कुणी न सांगता चिठ्ठी देत असेल तर घेऊ नका. उन्हाचा या आजारात हात असावा असा संशय आहे, म्हणून सनस्क्रीन आणि बाह्या ठेवायच्या, पण उन्हासाठी, लपवण्यासाठी नव्हे.

नात्याबद्दल. २०१८ मध्ये या आजाराच्या काही कुटुंबांत जीपीएनएमबी नावाच्या जनुकात बिघाड सापडला. आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली की आजार दिसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला चारात एक अशी शक्यता. तुमच्याकडे दोघांना आला, तुम्हाला नाही. यात आईचा किंवा बाबांचा दोष नाही, हे दोघांना समोर बसवून सांगा. बहिणीचं लग्न नात्याबाहेर झालं तर मुलांना हा आजार होण्याची शक्यता फारच कमी. हवं तर जनुकीय समुपदेशन घ्या.

अनघा_प (शनिवार, सकाळी १०.१०)

शेवंती, विचारू की नको वाटत होतं. स्थळं बघताना हे सांगणार का? माझ्या भाचीला कोड आहे आणि आमच्या घरात यावरून रोज वाद होतात. म्हणून विचारतेय.

धाकटी (शनिवार, रात्री ११.३०)

मी शेवंतीची बहीण. आज खातं उघडलं.

अनघा ताई, मी सांगणार आहे. आधी सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता. 'काहीतरी आहे' असं म्हटलं की समोरचा माणूस स्वतःच्या मनाने काय वाटेल ते भरतो, ते मी लहानपणापासून बघितलंय. आता नाव आहे, संसर्ग होत नाही हे लिहून दिलेलं आहे, आतले अवयव ठीक आहेत हे लिहून दिलेलं आहे. ते कागद मी स्वतः दाखवीन. त्यावर कुणी उठून गेलं तर जाऊ दे.

गोळी सध्या नको असं ठरवलंय. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना शिकवायला पाठीचे फोटो घेऊ का विचारलं. चेहरा नको, बाकी घ्या म्हटलं. दोन्ही तुकड्यांच्या जागा त्या विद्यार्थ्यांना मी बोटाने दाखवल्या.

आणि सूक्ष्मदर्शी काका, तुमचं वाचून मी पॅथॉलॉजीच्या मॅडमना विनंती केली. त्यांनी मला स्टुलावर बसवून काच दाखवली. आधी नुसतं लालसर सगळं. मग त्यांनी ते चक्र हळूहळू फिरवलं आणि अंधार झाला, आणि एका कडेला ओळीने हिरवे कण. मोजले मी, अकरा होते.

सूक्ष्मदर्शी (रविवार, सकाळी ६.२०)

बाळ, ३१ वर्षांत एकाही रुग्णाने काच बघायला मागितली नव्हती. मला फार बरं वाटलं.

ब्लॉक पुन्हा प्रयोगशाळेत परत करा, घरी कपाटात ठेवू नका. उकाड्यात मेण मऊ पडतं. आणि दादाच्या तुकड्याच्या वेळी फॉर्मवर बहिणीच्या रिपोर्टचा नंबर लिहायला सांगा.

शेवंती (रविवार, सकाळी ९.००)

लिहायला सांगते काका. दादाची तारीख येत्या मंगळवारची मिळाली आहे, तो स्वतःहून तयार झाला. त्याच फेरीत ब्लॉक परत करून येते.